भिजलेला संच

न्यूकॅसल,
१६ नोव्हेंबर

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद. ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार सांग. हे पत्र बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. यातला बराचसा मजकूर त्यांच्याही कामाचा आहे, आणि फोनपेक्षा त्यांना पत्र ऐकायला आवडतं.

गेल्या मंगळवारी तू फोनवर विचारलंस, "आक्का, ती 'गेम ऑफ थ्रोन्स'ची पुस्तकं परत घेऊ का गं? मालिका दोनदा बघून झाली. कोण मरतंय, कोण गादीवर बसतंय, सगळं पाठ आहे. आता वाचून काय मिळणार?" माझी ड्यूटीची वेळ झाली होती, बस वळणावर दिसत होती. 'घे' म्हणाले आणि फोन ठेवला. मग रात्रभर वॉर्डात औषधांची ट्रॉली ढकलताना तुझा तो 'परत' डोक्यातून जाईना. एवढ्याशा 'घे'नं त्याचं उत्तर होत नाही. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

तो संच मला चांगला आठवतो. २०१९ चा मे महिना. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा भाग येऊन गेला होता आणि तू दोन दिवस धड जेवली नव्हतीस. बारावीचा निकाल लागल्यावर बाबांनी बक्षीस काय हवं विचारलं, तर तू ती मालिका ज्यांच्यावरून केली त्या पुस्तकांचा संच मागितलास. पहिल्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर बाबांनी नेहमीसारखं तुझं नाव, तारीख आणि खाली 'सांगली' असं लिहून दिलं. तू नकाशा तेवढा बघितलास, आणि ॲडमिशनच्या धावपळीत संच खालच्या फळीत गेला.

ऑगस्टमध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी ४५ फूट पाणी म्हणजे धोका, हे गावभागातल्या पोरांना पाढ्यांबरोबर पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुम्ही तिघं विश्रामबागेत मावशीकडं, मी मिरजेत ड्यूटीवर अडकलेली. पाणी उतरल्यावर आपण चिखल उपसायला लागलो तेव्हा तो संच फुगून विटेसारखा झाला होता. पान उघडायला गेलं की लगदा हातात येत होता. बाबांनी त्यांच्या 'मृत्युंजय'चं एकेक पान सोडवून गच्चीवर वाळवलं, ते वाचलं. तुझा संच गेला. तेव्हा तू म्हणालीस, "जाऊ दे, मालिका बघितलीच आहे की." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण मीही पुस्तकं वाचलेली नव्हती, मग सांगणार काय?

आता वाचली आहेत. पाचही. इथल्या सिटी लायब्ररीतून एकेक आणून, नाइटच्या मधल्या सुट्टीत वीस वीस पानं करत, सव्वा वर्ष लागलं. त्यामुळं आज मी अंदाजानं बोलत नाही.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. इथून जवळच हेड्रियनची भिंत आहे. रोमन सम्राट हेड्रियननं इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेली, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ११७ किलोमीटर, म्हणजे आपल्या घरापासून जवळजवळ साताऱ्यापर्यंत. उन्हाळ्यात तिच्या कडेनं एक बस धावते, तिचा नंबरसुद्धा 'एडी १२२'. माझ्या वॉर्डातली केरळची एक मैत्रीण आणि मी गेलो होतो. भिंत आज कुठं कमरेएवढी, कुठं डोक्याच्या वर. पलीकडं नुसती माळरानं, वारा आणि मेंढ्या. जॉर्ज मार्टिन, म्हणजे ही पुस्तकं लिहिणारा माणूस, १९८१ मध्ये इथंच उभा राहिला होता. इटलीतल्या उन्हातून उचलून इथं पहाऱ्याला आणून ठेवलेल्या रोमन शिपायाला उत्तरेकडं बघताना काय वाटत असेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि पुढं त्यातून त्याच्या गोष्टीतली ती ७०० फूट उंच बर्फाची भिंत उभी राहिली. ५७ फुटांनी आपली काय दशा केली ते आठव, म्हणजे ७०० चा अंदाज येईल.

या सरहद्दीवर सिरियातले तिरंदाजसुद्धा होते म्हणे. जवळच विंडोलांडा नावाचा किल्ला आहे. तिथल्या चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं सापडली. त्यातल्या एकात कुणीतरी कुणाला तरी मोजे पाठवल्याचं लिहिलंय. ते वाचताना माझ्या पायात आईनं पाठवलेले लोकरीचे मोजे होते. त्या संध्याकाळी परत येताना मी ठरवलं, आता हे पुस्तक वाचायचं.

आणि पहिल्या पन्नास पानांतच माझ्या लक्षात आलं, की ही गोष्ट मला माहीत होती, पण यातली माणसं मला माहीत नव्हती.

तुला आठवतं, बाबा 'मृत्युंजय' वाचून दाखवायचे तेव्हा प्रत्येक भागाच्या आधी थांबून सांगायचे, "आता कुंती बोलणार," "आता शोण बोलणार." शिवाजी सावंतांनी १९६७ मध्ये कर्णाची गोष्ट कर्णाच्या, कुंतीच्या, दुर्योधनाच्या, शोणाच्या, वृषालीच्या आणि श्रीकृष्णाच्या तोंडून सांगितली. आपल्या सांगलीतच जन्मलेल्या खांडेकरांनी 'ययाती'त तेच केलं, कधी ययाती, कधी देवयानी, कधी शर्मिष्ठा. मार्टिनची बांधणी त्याच जातीची आहे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एका माणसाचं नाव, आणि ते प्रकरण संपेपर्यंत आपण त्याच माणसाच्या डोक्यात. फरक एवढाच, की इथं 'मी' नसतो, 'तो' किंवा 'ती' असते. पण बघायचं ते फक्त त्याच्या डोळ्यांनी, त्याला जे कळलं नाही ते आपल्यालाही कळत नाही. पहिल्या पुस्तकात सुरुवातीचा छोटा प्रवेश सोडला तर अशी आठ माणसं आहेत: नेड, केटलिन, जॉन, सान्सा, आर्या, ब्रॅन, टिरियन आणि डेनेरिस. बघ, आठातले सहा एकाच घरातले. सातवा त्या घराच्या शत्रूकडचा, आठवी समुद्रापार एकटी. ही मांडणी मालिकेत दिसूच शकत नाही, कारण कॅमेरा सगळ्यांकडं बाहेरून बघतो.

जेमीचं उदाहरण देते, तुझा आवडता म्हणून. पहिल्या पुस्तकात तो सात वर्षांच्या ब्रॅनला खिडकीतून ढकलतो. दोन पुस्तकं संपेपर्यंत त्याच्या नावाचं एकही प्रकरण नाही. दोन पुस्तकं आपण त्याचा मनापासून तिरस्कार करतो आणि लेखक आपल्याला करू देतो. मग तिसऱ्या पुस्तकात पान उलटतं आणि माथ्यावर नाव येतं: जेमी. मी अक्षरशः पुस्तक मिटून बसले. आता या माणसाच्या डोक्यात जायचं? गेले. आणि राजाला त्यानं का मारलं, सगळं शहर पेटवायला निघालेल्या राजाला, ते त्याच्या आतून कळल्यावर मला बाबांचा कर्ण आठवला. बाहेरून सूतपुत्र, आतून काय काय घेऊन चाललेला. मालिकेतला तो स्नानगृहातला प्रसंग, जिथं तो हे सांगतो, उत्तम होता, नटानं जीव ओतला होता, मी नाकारत नाही. पण पुढं मालिकेनं त्याला परत सर्सीकडं, त्याच्या जुळ्या बहिणीकडं आणि प्रेयसीकडं, धाडलं आणि तू रडत मला फोन केलास. पुस्तकात चौथ्या भागाच्या शेवटी सर्सीचं पत्र येतं, मला वाचव, ये. जेमी ते वाचतो आणि आगीत टाकायला सांगतो. बस्स, एवढंच. पण त्या एका हुकुमामागं दोन पुस्तकांचा प्रवास आहे.

टिरियनबद्दलही असंच. त्याला तुरुंगातून सोडवून जेमी त्याला निरोप देतो तेव्हा मालिकेत दोघं भाऊ गळाभेट घेऊन वेगळे होतात. पुस्तकात जेमी त्याला एक खरी गोष्ट सांगतो. टिरियननं पोरवयात जिच्याशी लग्न केलं ती टायशा पैसे देऊन आणलेली बाई नव्हतीच. ते बापानं सांगायला लावलेलं खोटं होतं. ती साध्या घरातली मुलगी होती आणि तिचं त्याच्यावर खरंच प्रेम होतं. सोनू, ते वाचून झाल्यावर टिरियननं बापाला मारताना सोडलेला बाण वेगळा वाटतो. दोघं भाऊही शत्रू होऊन वेगळे होतात. मालिकेनं टायशाचं नाव पहिल्या वर्षी घेतलं आणि पुढं हा धागा सोडून दिला. माझ्या मते मालिकेची सगळ्यांत मोठी चूक ही, शेवटची नव्हे. नंतरचा टिरियन फिका का वाटायला लागला, याचं कारण इथं आहे.

एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. डेनेरिसच्या नवऱ्याची, खाल द्रोगोची जखम. मालिकेत ती भराभर चिघळते आणि आपण समजतो की त्या वैदूबाईनं, मिर्रीनं, मुद्दाम केलं. पुस्तकात नीट वाचलं तर दिसतं, की तिनं जखम धुतली, शिवली, वर लेप लावला, आणि तो काढायचा नाही, दारू-अफू घ्यायची नाही असं बजावलं. द्रोगोनं तो लेप आग होते म्हणून फाडून काढला, थंड वाटतो म्हणून चिखलाचा लेप लावून घेतला, आणि अफू, घोडीच्या दुधाची दारू सगळं ढोसलं. हे वाचताना मी खुर्चीत ताठ झाले. ड्रेसिंग काढून हळद-चुना भरून आलेले किती पेशंट मी मिरजेत बघितलेत! मग त्याला मारलं कुणी, मिर्रीनं, चिखलानं, की त्याच्या हट्टानं? पुस्तक उत्तर देत नाही. डेनेरिसला जे कळलं तेवढंच आपल्याला मिळतं. बाबांबरोबर यावर एक अख्खी संध्याकाळ वाद घाल, तो वाद मला फोनवर ऐकायचा आहे.

आणि मीठ. तुला ते लग्न आठवतंय, फ्रे घराण्यानं केटलिनला आणि तिच्या मुलाला, रॉबला, पाहुणे म्हणून बोलावून मारलं ते, ज्यानंतर तू महिनाभर मालिका बघितली नाहीस. आपल्याकडं खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ना, त्या जगात तो अक्षरशः कायदा आहे. यजमानाची भाकरी आणि मीठ पोटात गेलं, की पाहुण्याच्या केसाला कुणी धक्का लावायचा नाही. पुस्तकात केटलिन रॉबला आधीच बजावते, गेल्या गेल्या खायला माग, म्हणजे आपण सुरक्षित. आपण तिच्या डोक्यात असतो. वाजंत्री बेसूर वाजतायत, ढोल डोकं उठवतायत, आणि तिला काहीतरी खुपतंय पण कळत नाही. मग ती एका फ्रेचा दंड धरते आणि रेशमी बाहीखाली लोखंडी कड्या हाताला लागतात. तिथून पुढची दोन पानं मी उभ्यानं वाचली. शेवटच्या क्षणी तिला आपल्या केसांची आठवण होते, नवऱ्याला, नेडला, आवडायचे म्हणून. मालिकेत किंकाळी ऐकू आली; इथं तो विचार ऐकू येतो, आणि तो जास्त वेळ राहतो.

मी मागच्या वर्षी एडिंबराचा किल्ला बघून आले. १४४० मध्ये तिथं डग्लस घराण्यातल्या दोन कोवळ्या भावांना जेवायला बोलावून मारलं. आणि १६९२ मध्ये ग्लेन्को नावाच्या खोऱ्यात सैनिकांनी दोनेक आठवडे ज्यांच्या घरी पाहुणचार घेतला त्यांच्याच रात्री कत्तली केल्या. मार्टिननं ते लग्न या दोन घटनांवरून घेतलंय. किल्ल्यावर उभी असताना बाबा हवे होते असं फार वाटलं.

आता जे सांगायचं ते अवघड आहे, पण ते लपवून तुला पैसे खर्च करायला लावणार नाही. ही गोष्ट पुरी झालेली नाही. पहिलं पुस्तक १९९६ चं, दुसरं १९९८, तिसरं २००० आणि मग चौथं थेट २००५ मध्ये, पाचवं २०११ मध्ये. त्यानं मुळात तीनच पुस्तकं योजली होती, ती आता सात व्हायची आहेत. सहाव्याचं नाव 'द विंड्स ऑफ विंटर', सातव्याचं 'अ ड्रीम ऑफ स्प्रिंग', ही नावं ठरून कितीतरी वर्षं झाली. मालिका २०११ मध्ये सुरू झाली, चालता चालता पुस्तकांच्या पुढं गेली, आणि ७३ भागांत संपलीसुद्धा. पाचव्या पुस्तकाच्या शेवटाकडं जॉन स्नो बर्फात भोसकला जाऊन पडलाय. तुला मालिकेनं वर्षभरात त्याला उठवून दाखवलं. पुस्तकात तो २०११ पासून तिथंच पडून आहे.

म्हणजे तू जर शेवट बदलून मिळेल या आशेनं घेणार असशील, तर घेऊ नको. तुझा तो राग मला माहीत आहे, तो शमवणारं पान या पाच पुस्तकांत नाही.

पण मी तुला उलटं विचारते. आपण गणपती मंदिरात आज्जीबरोबर महाभारताचं कीर्तन ऐकायला जायचो, तेव्हा कौरव हरणार हे कुणाला माहीत नव्हतं? अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की बाया पदर डोळ्याला लावायच्या, तो बाहेर येणार नाही हे माहीत असूनही, किंबहुना म्हणूनच. आणि किती वेळा बुवांचं आख्यान वेळ संपली म्हणून अर्ध्यातच थांबायचं! आपण घरी येताना मारुती चौकापर्यंत त्यावर बोलत यायचो. शेवट ऐकायला मिळाला नाही म्हणून ऐकलेलं फुकट गेलं, असं आज्जी कधी म्हणाली नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात सीतास्वयंवराचा प्रयोग केला, त्या गावच्या पोरीला संहिता आणि प्रयोग वेगळे असतात हे मी काय सांगू? मालिका हा एक प्रयोग झाला. भव्य झाला, काही अंक अप्रतिम रंगले, शेवटचा अंक घाईत उरकला. म्हणून संहिता वाचायची नाही?

डेनेरिसबद्दल तुला सगळ्यांत जास्त लागलं होतं, म्हणून तिचं शेवटी ठेवलं. दोन भागांत ती राजधानी जाळण्याइतकी कशी बदलली, हा तुझा प्रश्न. पुस्तकात ती पहिल्या पानाला तेरा वर्षांची आहे. ते वाचायला फार जड जातं. तिचं लग्न, तिचे हाल, काही पानं मी उलटून पुढं गेले आणि परत मागं आले. पाचव्या पुस्तकात ती मीरीन शहरात राज्य करतेय. एक बाप तिच्यापुढं जळालेली हाडं आणून ठेवतो. ती त्याच्या लहान मुलीची, ड्रॅगननं मारलेली. तिचं नाव हाझिया. त्या दिवसापासून ते नाव डेनेरिसचा पिच्छा सोडत नाही. हाती लागलेले दोन ड्रॅगन ती कोंडते, शांतता राखण्यासाठी नको त्याच्याशी लग्न करते. आणि मग तिच्या शेवटच्या प्रकरणात ती गवताळ माळावर एकटी, आजारी, भुकेली पडलेली असते. तिला ती मुलगी आठवते. पण नाव आठवत नाही. आठवायचा प्रयत्न करते, येत नाही.

सोनू, मी वॉर्डात चौदा पेशंट बघते. पहिल्या वर्षी मला प्रत्येकाचं नाव, नातवंडांची नावंसुद्धा पाठ असायची. एका नाइटला माझ्या हाताखाली गेलेल्या म्हातारबाबांचं नाव मला तिसऱ्या दिवशी आठवेना. मी स्टाफरूममध्ये बसून ही पानं वाचत होते आणि मला ते आठवलं. पुस्तक खाली ठेवून मी रजिस्टरमध्ये त्यांचं नाव शोधून काढलं. आता मी एका छोट्या वहीत नावं लिहून ठेवते. राजधानी जाळायची की नाही हा पुढचा प्रश्न झाला. माणूस बदलतो तो इथं बदलतो, नाव विसरतो तिथं. मालिकेनं घंटांचा आवाज आणि तिचा चेहरा दाखवला. मला हाझियानं सांगितलं.

म्हणून घे. आणि घेताना एवढं बघ: दुकानात सात पुस्तकांचा संच दिसेल, त्याला फसू नको. गोष्टीचे भाग पाचच, तिसरा आणि पाचवा जाड म्हणून दोन-दोन खंडांत छापतात. मिळून चार हजारांवर पानं आहेत. घाई करू नको. तिसऱ्यापर्यंत तू धावत जाशील. चौथ्यात जॉन, टिरियन, डेनेरिस तिघांचंही एकही प्रकरण नाही, तिथं बरेच जण कंटाळून सोडतात. तू सोडू नको, कारण सर्सीच्या डोक्यात पहिल्यांदा तिथंच जायला मिळतं, आणि ब्रिएन ही लढवय्यी बाई लढाईनं उद्ध्वस्त झालेल्या गावांतून चालत जाते ती प्रकरणं मला सगळ्यांत आवडली. चौथं आणि पाचवं पुस्तक बराच काळ एकाच वेळी घडतं, जागा तेवढ्या वेगळ्या, हे लक्षात ठेवलं म्हणजे गोंधळ होत नाही. घराण्यांची यादी मागं दिलेली असते, तिथं बोट ठेवून वाच. इंग्रजीची भीती बाळगू नको. वाक्यं सरळ आहेत, जुने शब्द तेच तेच येतात, शंभर पानांत सवय होते. बँकेतली सर्क्युलरं वाचतेस त्यापेक्षा सोपं आहे.

मालिकेनं टाकून दिलेलं खूप काही तुला नवं भेटेल. केटलिन मेल्यावर काय होतं ते मी सांगत नाही, तिसऱ्या पुस्तकाचं शेवटचं पान येईपर्यंत कुणाला विचारूही नको. डेनेरिसचा रक्षक, बॅरिस्टन म्हातारा, पुस्तकात अजून जिवंत आहे. सान्साला मालिकेत जे भोगावं लागलं ते पुस्तकात तिच्या वाट्याला येत नाही, दुसऱ्याच एका मुलीच्या वाट्याला येतं, आणि तिच्यासाठी रडणारं कुणी नसतं. ती पानं मन घट्ट करून वाच. आणि रात्री जेवल्यावर नको.

बाबांसाठी वेगळं सांगते. बाबा, तुम्हाला एवढं जाडजूड नको असेल तर 'फायर अँड ब्लड' वाचा, २०१८ चं आहे. ते अगदी आपल्या बखरीसारखं लिहिलंय. एक म्हातारा पंडित जुन्या राजांचा इतिहास सांगतोय. एका प्रसंगाचे तीन साक्षीदार तीन गोष्टी सांगतात, त्यातला एक तर दरबारचा विदूषक. कोण खरं बोलतंय हे तुम्ही ठरवायचं. भाऊसाहेबांच्या बखरीवर तुम्ही रात्र रात्र बोलायचा, तसं यावर बोलता येईल. सोनूला धीर होत नसेल तर तिनं आधी डंक आणि एग यांच्या तीन छोट्या गोष्टी वाचाव्यात, 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स' नावानं एकत्र मिळतात. एक उंच, गरीब, भोळा शिलेदार आणि त्याचा टकला पोरगा नोकर. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी पुरी होते.

आईला सांग, गुडघ्याचा व्यायाम रोज दोनदा म्हणजे दोनदा. बर्फाचा शेक दहा मिनिटं, जास्त नको. भडंग पोचलं, हळदही पोचली, इथल्या मैत्रिणींना भडंग इतकं आवडलं की डबा चार दिवसांत संपला. थंडी सुरू झालीय, चार वाजताच अंधार पडतो, पण घर गरम आहे, काळजी करू नये.

पार्सल वेगळं पाठवलंय. त्यात आईचा स्वेटर, बाबांचा चष्म्याचा डबा आणि पहिलं पुस्तक आहे. बाकीचे खंड तू तिकडं घे, पैसे मी पाठवते. पहिलं पान मी कोरं ठेवलंय, तिथं बाबांनी लिहायचं. तारीख मात्र नवी घालायची नाही, २०१९ चीच घालायला सांग.

आणि खालच्या फळीत ठेवू नको. वरच्या फळीवर, बाबांच्या 'मृत्युंजय'शेजारी जागा कर.

तुझी,
आक्का